एका रिपोर्टावर न जाणारा माणूस

इतका संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि मी आठ वर्षं आमच्या सासूबाईंची सून आहे, तेव्हा हे मी उगीच म्हणत नाही.

विठोबराव आमच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये मुख्य रस्त्याच्या आत एक गल्ली सोडून लॅब. पुढे काउंटरवर मी. रक्त, थुंकी, लघवी हे सगळं दोन पोरी बघायच्या. विठोबरावांकडे एकच काम, पुरुषांच्या वीर्याची तपासणी. मागच्या बाजूला त्यांची खोली, आणि तिला लागून दुसरी एक छोटी खोली, जिच्या दारावर नुसता तीनचा आकडा होता. आत एक खुर्ची, एक बेसिन आणि आतून लागणारी भक्कम कडी. तीन नंबरमध्ये जाणारा प्रत्येक पुरुष माझ्याकडे न बघता जायचा आणि येताना तर भिंतीला धरून यायचा. मला पहिले आठ दिवस फार हसू आलं. मग सवय झाली.

विठोबराव साठीचे होते. वर्ण काळा, नाक धारदार, शर्टाच्या खिशात तीन पेनं, कारण एक पेन ऐन वेळी दगा देणार आणि दुसरं त्याला सामील असणार. मूळचे म्हैसूरचेच. घरात मराठी बोलायचे, पण ती मराठी ऐकून मी पहिल्या दिवशी दोनदा ‘काय?’ म्हणाले. त्यांचे आजे-पणजे कापड रंगवणारे. आजोबा रंगाच्या हंड्यात कोपर बुडवून ऊब ओळखायचे म्हणे. हे तसंच करायचे. नमुन्याची डबी हातात आली की आधी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायचे, डोळे मिटून. मग म्हणायचे, “हं.” त्या ‘हं’मध्ये सगळं असायचं.

कॉफी आली की आधी वास घ्यायचे, मग कपाच्या बुडाशी बघायचे, मग माझ्याकडे बघायचे. घड्याळ बघून झालं की मला वेळ विचारायचे. घरी जाताना बसस्टॉपवर तीन वेगवेगळ्या माणसांना विचारायचे, ही बस कुठं जाते. तीस वर्षं त्याच बसनं जात होते हो! मी एकदा म्हटलं, “काका, बोर्ड लावलाय की मोठा.” तर म्हणाले, “बोर्ड कोण लावलं? माणूसच लावलं अल्वा? मग?” ‘अल्वा’ म्हणजे ‘होय ना’. आणि खोटं असलं की त्याला ते ‘सुळ्ळु’ म्हणायचे. दिवसातून पन्नासदा मी तो शब्द ऐकायची.

लॅबच्या डॉक्टरांनी मोजणीचं एक नवं यंत्र आणलं. डबी ठेवायची, बटण दाबायचं, आकडा. विठोबरावांनी त्यावर रुमाल घालून ठेवला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, हातातलं खटक्याचं काउंटर टकटक दाबत ते स्वतः मोजायचे, एका नमुन्याचं दोनदा, आणि दोन्ही आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा. “यंत्राला मेलेला कोण आणि झोपलेला कोण कळत नाही,” म्हणायचे.

एकदा त्यांनी मला बोलावून दाखवलं. काचेवर थेंब होता, त्यात त्यांनी लाल रंग घातला होता. मी डोळा लावला. काही शुक्राणू गुलाबी झालेले, काही पांढरेच. “लाल झाला तो मेला,” ते म्हणाले. “जिवंत आहे तो रंग आत घेत नाही. आमच्या घरात रंग न घेणारं कापड बाजूला फेकायचे. इथं उलटं बघ.” आणि खूश होऊन हसले. मी त्यांना तसं हसताना फार थोड्या वेळा पाहिलं.

येणाऱ्या माणसाला ते आधी फैलावर घ्यायचे. किती दिवस आधीपासून संबंध नव्हता? सगळं डबीत आलं का? पहिला भाग सांडला का? “पहिल्यातच जास्त बी असतं. ते फरशीवर गेलं आणि उरलेलं मला दिलंस, तर मी फरशीचा रिपोर्ट कसा देऊ?” माणूस घामाघूम. बाहेर मी फायलीत डोकं खुपसून बसलेली. अय्या, किती लाज वाटायची मला! आणि एकही शब्द मी सोडत नव्हते, हेही खरं.

एक नवा नवरदेव आला होता. रात्री काही जमत नाही, म्हणून कुणीतरी त्याला ही तपासणी करायला पाठवलं होतं. तो रडायच्या बेतात. विठोबरावांनी दार अर्धं लोटलं आणि विचारलं, “पहाटे झोपेतून उठताना ताठ असतं काय?” तो हो म्हणाला. “मग नळ, पाणी, दाब सगळं बरोबर. भीती वाटली की रक्त तिकडं जायच्या ऐवजी हातापायांत पळतं. पळणाऱ्या माणसाला कशाला पाहिजे ते? परीक्षा समजून जाऊ नको. आणि ऐक, जोर वेगळा, बी वेगळं. दोन खाती आहेत. जोर असून बी नसतं, बी असून जोर नसतो. आपल्या लोकांना एवढंच कळत नाही आणि बायकांचे हाल करतात.” त्या पोराला त्यांनी तपासणी न करताच परत पाठवलं.

ते शेवटचं वाक्य मला लागलं. कारण ते हाल माझे चालू होते.

माझं लग्न होऊन आठ वर्षं झाली होती. मी साताऱ्याची, सासर कराडचं, नवरा अविनाश मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात इंजिनिअर. धातूच्या भट्ट्या असतात त्या विभागात. आम्ही येलवालला भाड्याच्या घरात राहायचो. मूल नव्हतं. माझ्या सोनोग्राफ्या झाल्या, हार्मोन्सच्या तपासण्या झाल्या, गोळ्यांनी माझं वजन दहा किलो वाढलं. नळ्यांमध्ये औषध सोडून एक्स-रे काढतात, तोही झाला. त्या दिवशी मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की नख मोडलं. आणि आता दिवाळीनंतर दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं होतं. त्यासाठी सासूबाई दसऱ्यालाच येऊन राहणार होत्या.

अविनाशची तपासणी? ती दोन वर्षांपूर्वीच झालेली. याच लॅबमध्ये, मी इथं लागायच्या आधी. रिपोर्ट अगदी उत्तम. इतका उत्तम की सासूबाईंच्या सांगण्यावरून त्यानं तो लॅमिनेट करून आणला. जणू डिग्री! झेरॉक्स कराडला देवघराच्या कप्प्यात. सासूबाई कुणापुढेही म्हणायच्या, “आमच्या अवीचं सगळं व्यवस्थित आहे, कागद आहे आमच्याकडे.” मी मान खाली घालायची. कागदापुढे काय बोलणार?

मग एक दिवस एक माणूस आला. चांगल्या घरचा, इस्त्रीचा शर्ट. तीन नंबरमध्ये गेला, पाचच मिनिटांत बाहेर आला, डबी दिली. विठोबरावांनी ती मनगटाला टेकवली, काचेची काडी आत बुडवून वर उचलली. आतलं पाण्यासारखं टपटप गळालं.

“आत्ता दिलास?” त्यांनी विचारलं.

“हो सार, आत्ता.”

“सुळ्ळु. ताजं असतं ते दह्यासारखं घट्ट असतं. पातळ व्हायला पंधरा-वीस मिनिटं, अर्धा तास लागतो. तुझं दारातून येतानाच पाणी झालंय, आणि खिशात अंगाला लागून एका बाजूनंच ऊबदार आहे. कुणाचं आणलास?”

तो माणूस डबी तिथंच टाकून गेला. पुढे महिनाभर तो ती गल्ली सोडून जात असावा.

मी हसले. विठोबराव हसले नाहीत. त्यांनी टेबलाचा ड्रॉवर उघडला, एक जाड वही काढली, काहीतरी लिहिलं आणि निळ्या पेनानं पुढे एक ठिपका दिला. ड्रॉवर बंद करून फटीवर पांढरा दोरा ठेवला. कुणी उघडला तर कळावं म्हणून. मी विचारलं, “आधीही असं कुणी केलंय?”

“करत्यात की. जे पकडलो ते ठिपका. जे वाटलं पण हाताला लागलं नाही, तेही ठिपका.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. अविनाश शेजारी घोरत होता. मला एकदम आठवलं, तपासणीच्या दिवशी तो सकाळी त्याच्या कारखान्यातल्या मित्राकडे गेला होता. दोन मुलांचा बाप असलेल्या मित्राकडे. कशाला गेला होता? मी स्वतःलाच शिव्या घातल्या. विठोबरावांची लागण झाली बाई तुला, म्हटलं. पण एकदा मनात पाल चुकचुकली की चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी ते जेवायला गेले तेव्हा मी ड्रॉवर उघडला. चूक होती, मला माहीत होतं. दोन वर्षांमागचं पान काढलं. अविनाशचं नाव. पुढे निळा ठिपका.

वही ठेवली, दोरा होता तसा ठेवला, काउंटरवर येऊन बसले. विठोबराव आले, आत गेले, आणि अर्ध्या मिनिटात दारात उभे. “दोरा हलला.”

मी सुटलेच. “हो, मी हलवला! माझ्या नवऱ्याच्या नावापुढे ठिपका आहे. तुम्हाला दोन वर्षं माहीत होतं? आणि मी तुमच्यासमोर रोज बसते, गोळ्या गिळते, सुया टोचून घेते, आता पोट फाडून घ्यायला निघाले, आणि तुम्ही रोज माझ्या हातची कॉफी हुंगून पिता? लाज नाही वाटली तुम्हाला?”

ते खाली बसले. मग म्हणाले, “मला माहीत नव्हतं अम्मा. मला वाटलं होतं. माहीत आणि वाटणं यात फरक आहे. वाटलेलं मी कागदावर लिहिलो आणि ते चुकलं, तर एका घराला आग लागते. आणि दुसऱ्याची गोष्ट मी तुला सांगणार नाही. तू त्याची बायको असलीस तरी नाही.”

“मग काय उपयोग तुमच्या संशयाचा?”

“मी जे लिहायला पाहिजे ते लिहिलो होतो. आमच्या कागदावर खाली मी काय लिहितो, तू रोज बघतीस की.”

मला कळेना. ते उठून आत गेले आणि दार लावलं. त्या दिवशी मी त्यांच्याशी पुढे एक शब्द बोलले नाही. माझा राग सगळा त्यांच्यावरच होता. कागद बदलून दिला असेल, काहीतरी लपवलं असेल, असं काय काय मनात येत होतं.

घरी गेल्यावर कपाटातून ती लॅमिनेट केलेली डिग्री काढली. पर्समध्ये लॅबचा एक कोरा कागद होता. दोन्ही शेजारी ठेवले. आमच्या लॅबच्या प्रत्येक कागदाच्या तळाशी निळी पट्टी असते, तिच्यात पत्ता. तिच्या वर विठोबराव हातानं शेरा लिहितात. अविनाशच्या कागदाला पट्टी नव्हती. दोन बोटं कमी होता कागद. कात्रीनं अगदी सरळ कापलेला, कडेनं प्लास्टिक चढवलं की कोण बघतंय! कापलेल्या कडेशी शाईनं लिहिलेल्या एका अक्षराची फक्त वेलांटी उरली होती. निळी.

अविनाश कामावरून आला तेव्हा मी दोन्ही कागद टेबलावर ठेवून बसले होते. काही विचारलं नाही. तो बूट न काढता उभा राहिला. मग खुर्चीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“काय लिहिलं होतं खाली?” मी विचारलं.

“तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावे, म्हणून.” थोड्या वेळानं म्हणाला, “मी घाबरलो होतो गं, म्हणून मित्राचं नेलं. भट्टीवर सगळे चेष्टा करतात, ज्याला मूल नाही त्याची. म्हटलं, काही निघालं तर मी पुरुषच नाही असं होईल.”

“आणि माझं काय होईल, ते नाही आलं मनात?”

मी त्याला त्या रात्री खूप बोलले. ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी एवढंच म्हटलं, की ऑपरेशन मी करणार नाही, आधी तू तीन नंबरमध्ये जाणार.

पाच दिवसांनी तो गेला. मला वाटलं होतं विठोबराव त्याला सोलून काढतील. त्यांनी डबी मनगटाला टेकवली, काडी उचलली. घट्ट होतं. “हं,” म्हणाले. मग अविनाशला स्वतःच्या स्टुलावर बसवलं. माझं नावही काढलं नाही.

“भट्टीपासून किती लांब उभा असतोस? किती तास? मधे ताप आला होता काय?” सगळं विचारलं. म्हणाले, “देवानं बाकी सगळं शरीरात आत ठेवलं, आणि ही दोन अंडी बाहेर पिशवीत का टांगली? बी तयार व्हायला अंगापेक्षा थंड लागतं म्हणून. तू ती भट्टीपुढे शेकत ठेवतोस. आणि एक बी तयार व्हायला दोन-अडीच महिने लागतात. आज मी बघतो तो तू अडीच महिन्यांमागचा. आजचा तू कसा आहेस ते पुढे दिसेल. म्हणून एका रिपोर्टावर मी जात नाही. कुणाच्याच.”

बी होतं, पण थोडं. त्यातलं बरंचसं लाल झालेलं. उरलेलं मंद. डॉक्टरांनी अविनाशला तपासायला पुढे पाठवलं, भट्टीपासून दूर काम मागायला सांगितलं, आणि माझं ऑपरेशन तूर्त थांबवलं.

राहिल्या सासूबाई. त्या दसऱ्याला आल्या, येताना माझ्यासाठी ऑपरेशनला नेसायच्या दोन मऊ सुती साड्या घेऊन. अविनाशच्या तोंडून शब्द फुटेना. रोज सकाळी ‘आज सांगतो’, रोज रात्री ‘उद्या’. शेवटी तो लॅबमध्ये येऊन विठोबरावांना म्हणाला, “काका, तुम्हीच सांगा ना आईला. तुमचं ऐकेल.”

“मी सांगणार नाही,” विठोबराव म्हणाले. “मी येऊन बसतो. तू वाच.”

कुणाच्या घरी पाऊल न टाकणारा माणूस, रविवारी बस बदलून येलवालला आला. खुर्ची हलवून बघून मग बसला. मी कॉफी दिली ती समोर तशीच. सासूबाई बुचकळ्यात. अविनाशनं कागद काढला. अख्खा, निळ्या पट्टीसकट. वाचला सगळा, आकडे, खालचा शेरा, आणि मग कागदात नव्हतं ते: “आई, मागचा माझा नव्हता. मी खोटं केलं. आम्हाला मूल नाही त्याचं कारण मी असू शकतो. हिच्यात कुठल्याच तपासणीत काही निघालेलं नाही.”

सासूबाईंनी आधी विठोबरावांकडे पाहिलं. “यंत्राची चूक असेल.”

“बरोबर विचारलात!” विठोबराव खुर्चीत पुढे सरकले. इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांना बरं वाटलेलं दिसलं. “यंत्रावर मीपण जात नाही. म्हणून डोळ्यानं मोजलो. तीनदा.”

बाहेर रस्त्यावरून हुणसूरची बस गेली. सासूबाई मांडीवरच्या त्या सुती साडीची घडी उलगडत होत्या, परत घालत होत्या. मी मनाशी तयारी केली होती, आता रडतील, नाहीतर माझ्यावरच काहीतरी उलटवतील. त्यांनी मान वर केली.

“ते नळ्यांत औषध घातलं होतं ना तुझ्या,” त्या म्हणाल्या. “फार दुखलं होतं का गं?”

दोन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या आईनंसुद्धा नाही, कारण मी तिला सांगितलंच नव्हतं. मी नुसती मान हलवली आणि स्वयंपाकघराच्या दाराला धरून ढसाढसा रडले. अविनाश उठला, परत बसला. विठोबरावांनी इकडं तिकडं बघितलं, समोरचा कप उचलला आणि ती थंडगार कॉफी वास न घेता, बुडाशी न बघता, एका दमात पिऊन टाकली.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. दिवाळीला ते निवृत्त होऊन हासनला पुतण्याकडे जाणार होते. मी नंतर महिनाभर रजेवर होते, त्यामुळे हीच आमची शेवटची भेट ठरली. माझ्या मनात बोलायचं खूप होतं. त्या दिवशी लाज काढली त्याची माफी मागायची होती. मी म्हटलं, “काका, तो ठिपका...”

“ठिपका राहू दे,” ते चपला झटकत म्हणाले. चपलेत काही शिरलंय का ते बघत होते. “आज त्यानं कागद वाचला, ठीक. पण घरात पाहुणा बसला होता म्हणून वाचला असेल. तीन महिन्यांनी पुढचा कागदही वाचायला लाव. मी नसताना.”

“आणि तेव्हाही वाचला तर?”

त्यांनी थोडा विचार केला. “तर खोडून टाक. ड्रॉवर माहीत आहे तुला.”

मग ते रस्ता ओलांडून स्टॉपवर गेले. बस आली. भल्या मोठ्या अक्षरांत बोर्ड होता. त्यांनी केळी विकणाऱ्या बाईला विचारलं, ही कुठं जाते. शाळेच्या पिशवीवाल्या मुलीला विचारलं. मग पायरीवर एक पाय ठेवून कंडक्टरला विचारलं, आणि त्याचं ऐकून घेऊनच आत गेले.